अन्नातून विषबाधा झाली की आरोग्य विभाग काय करतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात साथरोगाचं काम करताना विषबाधेचे फोन तीन वेळा वाढलेले पाहिले: लग्नसराईत, सप्त्याच्या आणि उपवासाच्या दिवसांत आणि पहिल्या पावसात. फोनवर, निरोपातून, सरपंचांच्या आणि शिक्षकांच्या बैठकांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अवघड. एकच मुद्दा दोनदा आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उत्तरं महाराष्ट्रातल्या यंत्रणेला धरून आहेत.

१. घरात दोघांनाच जुलाब-उलट्या झाल्या. एवढ्यासाठी आरोग्य विभागाला कळवायचं का?

हो. एकाच ठिकाणचं अन्न खाल्लेल्या दोन किंवा अधिक माणसांना सारखाच त्रास झाला, की तो उद्रेक समजून तपास करता येतो. दोनशे माणसं आडवी व्हायची वाट पाहायची नसते. तुमच्या घरातले दोघे म्हणजे कालच्या लग्नातल्या चारशे जणांपैकी पहिले दोघे असू शकतात. बाकीच्यांना अजून त्रास सुरूच झालेला नसतो. पटकीसारख्या (म्हणजे कॉलऱ्यासारख्या) आजारात तर एकच पक्का रुग्ण सापडला तरी यंत्रणा हलते. कळवलेलं खोटं ठरलं तर कुणी रागावत नाही. आशाताईला दोन वाक्यं सांगायला दोन मिनिटं लागतात.

२. कळवायचं कुणाला? आरोग्य केंद्र, १०८, एफडीए की पोलीस?

रुग्ण गंभीर असेल तर आधी १०८. त्यानंतर गावात आशाताई, आरोग्यसेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग. केंद्राचे वैद्यकीय अधिकारी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवतात, तिथून माहिती जिल्हा सर्वेक्षण कक्षाकडे जाते. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमातली ही साखळी आहे. पूर्वी कागदी तक्ते आठवड्याने वर जायचे, आता नोंद ऑनलाइन होते. खासगी दवाखान्यातल्या रुग्णांचीही नोंद व्हायला हवी, म्हणून आपल्या डॉक्टरांना "तुम्ही कळवलंत का?" असं विचारा.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण निम्मी चिडचिड यातून होते. आरोग्य विभाग माणसं तपासतो. अन्नाचा कायदेशीर नमुना घेणं, साठा जप्त करणं, परवाना पाहणं हे अन्न व औषध प्रशासनाचं, म्हणजे एफडीएचं काम. ही दोन वेगळी खाती आहेत. त्यामुळे हॉटेलाबद्दल तक्रार असेल तर एफडीएच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावरही कळवा. कुणी मुद्दाम काही मिसळल्याचा संशय असेल किंवा मृत्यू झाला असेल तर पोलिसांनाही.

३. पथक येईपर्यंत आम्ही काय करायचं?

पहिलं काम माणसांचं. जलसंजीवनीची पुडी एक लीटर पिण्याच्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि घोट घोट पाजत राहा. पुडी नसेल तर एक लीटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. लहान मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचातून रक्त आलं किंवा माणूस बरळायला लागला, तर घरी थांबू नका. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मनाने देऊ नका, लहान मुलांना तर नाहीच.

दुसरं काम अन्नाचं, आणि इथेच आपण चुकतो. एका गावात आम्ही तीन तासांत पोहोचलो. मांडवात सगळी पातेली घासून, उन्हात पालथी घालून ठेवलेली. अगदी लख्ख. उरलेला भात उकिरड्यावर, आमटी गटारात. आचारी हात जोडून म्हणाला, "साहेब, कुणाला आणखी बाधू नये म्हणून टाकलं." त्याचा हेतू खरोखरच चांगला होता. पण त्या दिवशी साठ माणसं कशाने आजारी पडली, याचा पुरावा त्या गटारातून वाहून गेला.

म्हणून उरलेलं अन्न कुणाला खायला देऊ नका, जनावरांनाही नाही, आणि टाकूही नका. स्टीलचे झाकणाचे डबे उकळत्या पाण्याने धुऊन कोरडे करा. प्रत्येक पदार्थासाठी वेगळा डबा आणि वेगळा स्वच्छ चमचा घ्या. वर पदार्थाचं नाव आणि वेळ लिहून डबे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका, गोठल्यावर काही जंतू मरतात आणि तपासणी फसते. फ्रिज नसेल तर बर्फाच्या पेटीत. तेलाचा डबा, मसाल्याची आणि भगरीची रिकामी पाकिटं, किराणा दुकानाची पावती हेही सांभाळा. कुणी पाहुण्याने घरी बांधून नेलेला डबा असेल तर तो आम्हाला सोन्यासारखा असतो. किती तरी वेळा तेवढाच एक नमुना हाती लागतो.

४. पथकातले लोक औषध द्यायचं सोडून वही घेऊन घरोघर का फिरतात?

उपचार करणारी माणसं दवाखान्यात असतात, वही घेतलेली माणसं वेगळी. शीघ्र प्रतिसाद पथकात साथरोगतज्ज्ञ, फिजिशियन, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ असतात आणि अन्नाचा विषय असेल तर अन्न सुरक्षा अधिकारीही येतात. गावपातळीवर प्रत्यक्ष फिरतात ते आरोग्यसेवक, आरोग्यसेविका आणि आशाताई.

आधी "रुग्ण कुणाला म्हणायचं" हे ठरतं. उदाहरणार्थ: अमुक तारखेच्या दुपारी मांडवात जेवलेली आणि पुढच्या ४८ तासांत किमान एक उलटी किंवा तीन जुलाब झालेली व्यक्ती. ही व्याख्या नसली तर घाबरून पोट दुखलेला माणूसही यादीत येतो आणि खरा रुग्ण सुटतो. मग लाइन लिस्ट बनते: नाव, वय, किती वाजता जेवले, काय खाल्लं, किती वाजता त्रास सुरू झाला, उलटी आधी की जुलाब आधी, ताप होता का. त्या यादीवरून तासागणिक रुग्णांचा आलेख काढतात. सगळे एकाच उंच शिखराखाली गोळा झाले तर एकाच जेवणाने बाधले, असा कयास. रुग्ण रोज थोडे थोडे येत राहिले तर पाणी किंवा माणसाकडून माणसाला लागण, याकडे नजर वळते (प्रश्न १० पाहा).

यातला नाजूक भाग प्रश्न विचारण्याचा आहे. एका आजींना विचारलं, "काल जेवलात का मांडवात?" आजी ठाम: "नाही, माझा उपास होता." नोंद झाली: जेवल्या नाहीत, तरी आजारी. सगळं गणित बिघडलं. दुसऱ्या दिवशी आशाताईने सहज विचारलं, "आजी, फराळाला काय घेतलंत?" तेव्हा भगर आणि आमटी निघाली. आपल्याकडे जेवण वेगळं आणि फराळ वेगळा. तेव्हापासून मी "काय काय तोंडात घातलं" असंच विचारतो, मठ्ठा, बर्फाचा गोळा आणि विडासुद्धा.

५. मला काहीच झालं नाही. मग मला का विचारता?

कारण तुमच्याशिवाय दोषी पदार्थ सापडत नाही. जगभर साथरोगाच्या विद्यार्थ्यांना एक जुनं उदाहरण शिकवतात. १९४० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो परगण्यात चर्चचं सहभोजन झालं. ७५ जणांना विचारलं, त्यांतले ४६ आजारी. भाजलेलं हॅम खाल्लेल्या ४६ पैकी २९ आजारी होते, म्हणजे ६३ टक्के. फक्त आजाऱ्यांना विचारलं असतं तर "बहुतेकांनी हॅम खाल्लंय, हॅमच दोषी" असं वाटलं असतं. पण हॅम न खाल्लेल्या २९ पैकीही १७ आजारी होते, ५९ टक्के. म्हणजे हॅमने फरक पडलेला नाही. आता व्हॅनिला आइस्क्रीम पाहा: खाल्लेल्या ५४ पैकी ४३ आजारी, न खाल्लेल्या २१ पैकी फक्त ३. एकीकडे ८० टक्के, दुसरीकडे १४. तिथे बोट ठेवता आलं.

हीच पद्धत आपण जिलेबी, मसालेभात आणि मठ्ठ्याला लावतो. धडधाकट माणसाने "मला काही झालं नाही, जा" म्हटलं की त्या तक्त्याची अर्धी बाजू रिकामी राहते.

६. किती वेळाने उलट्या सुरू झाल्या यावरून कारण कळतं, हे खरं का?

बऱ्याच अंशी. खाल्ल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतच्या वेळेला अधिशयन काळ म्हणतात, आणि प्रत्येक कारणाचा तो ठरावीक असतो.

काही मिनिटांत किंवा तासाभरात उलट्या: रसायन, कीटकनाशक, धातू किंवा विषारी बिया. अर्धा ते सहा-आठ तासांत जोराच्या उलट्या, ताप जवळजवळ नाही: स्टॅफिलोकोकस या जंतूचं किंवा भातावरच्या बॅसिलस सेरियसचं, अन्नातच तयार झालेलं विष. सहा ते चोवीस तासांत पोटात पिळवटून जुलाब, उलट्या कमी: मोठ्या पातेल्यात रात्रभर कोमट राहिलेलं मटण किंवा डाळ, म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. बहुधा बारा ते छत्तीस तासांत ताप, जुलाब, अंगदुखी: साल्मोनेला. नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास लागतात, पटकीला काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत.

म्हणूनच "शेवटचं जे खाल्लं त्यानेच बाधलं" ही समजूत फसवी आहे. सकाळी ताप आणि जुलाब सुरू झाले तर दोष सकाळच्या पोह्यांचा क्वचितच असतो, आदल्या दिवशीच्या जेवणाचा बहुधा असतो. पोहेवाल्याशी भांडायच्या आधी मागच्या तीन दिवसांचं खाणं लिहून काढा.

७. अन्न तर खळखळून उकळलेलं होतं. मग बाधलं कसं?

उकळल्याने जंतू मरतात, पण जंतूंनी आधीच तयार केलेलं विष सगळं नष्ट होत नाही. स्टॅफिलोकोकसचं विष उकळी पचवतं. आचाऱ्याच्या बोटावरची पिकलेली जखम, त्या हाताने कालवलेला खवा किंवा बासुंदी आणि चार तास उकाड्यात ठेवलेलं पातेलं एवढं पुरेसं असतं. भाताचं तसंच. बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवण्यात टिकतात, कोमट भातात पुन्हा वाढतात आणि त्यांचं उलटीचं विषही गरम केल्याने जात नाही. सकाळी आठला शिजवलेला मसालेभात दुपारी तीनच्या पंगतीला पुन्हा गरम केला तरी धोका तसाच राहतो.

धोक्याची मर्यादा ५ ते ६० अंश सेल्सिअस. अन्न एक तर वाफाळतं असावं किंवा थंडगार. मधलं कोमट अन्न दोन तासांवर ठेवू नये. मोठं पातेलं बाहेरून गार लागतं पण मध्यभागी रात्रभर कोमट असतं. म्हणून उरलेलं अन्न उथळ परातींत पसरून निववा.

जंतूंखेरीज आणखी दोन कारणं आपल्याकडे आढळतात. कल्हई उडालेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात मठ्ठा, चिंचेचं सार किंवा आमसुलाची कढी ठेवली, तर तांबं उतरतं आणि प्याल्यावर थोड्याच वेळात उलट्या होतात. आणि कोकणात, गोव्यात बांगडा, कुपा यांसारखी मासळी बर्फाविना राहिली, की तिच्यात हिस्टामीन तयार होतं. ते तळूनही जात नाही. चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. लोक म्हणतात मासळीची ॲलर्जी. पण एकाच ताटातल्या चौघांना एकदम ॲलर्जी होत नाही.

८. उपवासाच्या भगरीने दर वर्षी विषबाधा होते. भगर वाईट असते का?

भगर, म्हणजे वरई, चांगलं धान्य आहे. वाईट असते ती दमट जागी साठवलेली, जुनी, सुटी भगर आणि तिचं दळून ठेवलेलं पीठ. तिला ओलावा लागला की ॲस्परजिलससारखी बुरशी धरते आणि बुरशीचं विष तयार होतं. उपवासाला एकाच दिवशी मोठी मागणी येते, दुकानदार गेल्या सणाचा माल काढतो आणि रिकाम्या पोटी तीच एक गोष्ट भरपूर खाल्ली जाते. सोबत शेंगदाण्याची आमटी असते, आणि दाणेही बुरशी धरणारेच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला हरिनाम सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद घेऊन शेकडो लोक आजारी पडले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा उरली नाही. उघड्यावर दोऱ्या बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या लटकवल्या होत्या. ती छायाचित्रं मी अजून विसरलेलो नाही.

पाकीटबंद, तारीख पाहून घेतलेली भगर वापरा. निवडून, धुऊन, लागेल तेवढीच घरी दळा. कुबट वास आला तर चव पाहायच्याही फंदात पडू नका.

९. नमुन्याचा अहवाल यायला इतके दिवस का? आणि "काही आढळलं नाही" म्हणजे अन्न चांगलं होतं का?

शौचाचा नमुना कॅरी-ब्लेअर माध्यमात, म्हणजे वाटेत जंतू जिवंत ठेवणाऱ्या मिश्रणात घालून थंड पेटीतून प्रयोगशाळेत जातो. जंतू वाढवून ओळखायलाच दोन-तीन दिवस लागतात. एफडीएने घेतलेल्या कायदेशीर नमुन्याचा अहवाल अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत द्यावा, असं अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ सांगतो. तो नमुना चार भागांत विभागून मोहोरबंद केलेला असतो, म्हणजे पुढे वाद झाला तर फेरतपासणी करता येते.

"आढळलं नाही" याचा अर्थ फक्त एवढाच की त्या डब्यात, त्या तपासणीत सापडलं नाही. तपासलेला भात दुसऱ्या पातेल्यातला असेल, नमुना उन्हात राहिला असेल, रुग्णाला आधीच अँटिबायोटिक दिलं असेल किंवा जंतू मेले आणि विष उरलं असेल. म्हणून प्रश्न ४ आणि ५ मधली वही इतकी महत्त्वाची. औषध सुरू करायच्या आधी शौचाचा नमुना घ्या, अशी डॉक्टरांना विनंती करा. रुग्ण गंभीर असेल तर मात्र नमुन्यासाठी औषध थांबवायचं नाही.

१०. अन्नाने झालं की पाण्याने, हे कसं ओळखता?

पंगतीने बाधलं तर आजारी माणसं पंगतीला आलेलीच असतात, मग ती कुठल्याही वाडीतली असोत. पाण्याने बाधलं तर एकाच टाकीवरची किंवा एकाच गळक्या पाइपलाइनवरची घरं आजारी पडतात, जेवायला न गेलेलीही. म्हणून गावाच्या नकाशावर रुग्णांच्या घरांवर खुणा करतात. लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ च्या पटकीच्या साथीत ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती हेच केलं होतं.

नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी करतात. पिवळा रंग आला नाही तर पाण्यात क्लोरीन पोहोचलेलं नाही. लीटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन हवं. गावचं पाणी शुद्ध करणाऱ्या जलसुरक्षकाची वही, टीसीएल पावडरचा (ब्लीचिंग पावडरचा) साठा आणि तो कसा ठेवलाय हेही पाहतात. तोंड उघड्या पोत्यातलं क्लोरीन उडून जातं आणि उरते ती नुसती पांढरी पूड. ती रोज इमानाने टाकत राहूनही गाव आजारी पडलेलं मी पाहिलंय.

दोन्ही एकत्रही असतं. जेवण चांगलं, पण मठ्ठ्यातला बर्फ कारखान्याचा. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून त्यात निळा रंग घालणं बंधनकारक झालं. कॅटररच्या लादीत निळी झाक दिसली तर तो बर्फ पेयात जाऊ देऊ नका.

११. सप्त्याचा महाप्रसाद, गणपतीचा भंडारा यांना नोंदणी लागते का? आधी कुणाला सांगावं?

लागते. धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्नवाटप करणाऱ्यांची नोंदणी अन्न सुरक्षा नियमांत धरलेली आहे. ती ऑनलाइन होते. कॅटरर लावला तर त्याच्याकडे स्वतःचा परवाना हवा. तो हातात घेऊन तारीख वाचा, फोटोवर भागवू नका.

कागद झाले, आता प्रत्यक्ष काम. आरोग्य केंद्राला चार दिवस आधी कळवा, पाण्याची तपासणी करून मिळते. आचारी आणि वाढप्यांपैकी ज्याला जुलाब, ताप, कावीळ किंवा हातावर पिकलेली जखम आहे, त्याला त्या दिवशी स्वयंपाकात घेऊ नका; त्याची मजुरी मात्र बुडवू नका, नाहीतर तो दुखणं लपवील. स्वयंपाकाजवळ साबण आणि वाहतं पाणी ठेवा. अन्न वाढण्याच्या वेळेला धरून शिजवा, आदल्या रात्री नव्हे. आणि पंगत सुरू होताना प्रत्येक पदार्थाचा एक डबा फ्रिजमध्ये बाजूला काढून दोन दिवस ठेवा. सगळं नीट पार पडलं तर फेकून द्या. मी मंडळांना दुसरं काही सांगितलं नाही तरी हे सांगतोच.

१२. शाळेच्या पोषण आहाराची जबाबदारी कुणाची? शिक्षकाने आधी चव घेणं पुरेसं आहे का?

मुलांना वाढण्याआधी शिक्षकांसह मोठ्या माणसांनी चव घ्यायची, हा नियमच आहे. चव घेणाऱ्याला किंचित जरी वेगळी चव लागली तरी वाढप थांबवायचं. जुलै २०१३ मध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी २३ मुलं शाळेतल्या जेवणाने दगावली. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक तेलातून स्वयंपाकात गेलं होतं. शेतीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी अन्नासाठी वापरू नका, हे त्या २३ मुलांच्या किमतीवर कळलेलं आहे.

पण जंतू आणि त्यांचं विष यांना चव नसते. त्यामुळे चव घेणं हा शेवटचा टप्पा. त्याआधी कोरड्या जागी ठेवलेला तांदूळ, पाखडलेली डाळ आणि झाकलेलं पाणी हवं.

शाळेतली बरीच "विषबाधा" आहारातली नसतेच. मधल्या सुट्टीत मुलं कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया खातात, लागतात शेंगदाण्यासारख्या गोड. थोड्याच वेळात उलट्या सुरू. आजारी मुलांच्या खिशात आणि दप्तरात पाहा, आणि ती बी डॉक्टरांना दाखवा.

१३. आचाऱ्यावर किंवा यजमानावर गुन्हा दाखल होतो का? भीतीने लोक बोलतच नाहीत.

आरोग्य पथकाचा तपास गुन्हेगार शोधण्यासाठी नसतो. पुढची माणसं वाचवण्यासाठी असतो. आम्ही आचाऱ्याला "काय चुकलं?" असं विचारत नाही. "पहाटे उठल्यापासून काय काय केलंत, क्रमाने सांगा" असं विचारतो. तो मोकळेपणाने बोलला की भात किती वाजता उतरवला हे कळतं, आणि बहुतेकदा उत्तर तिथेच असतं.

कायद्याची बाजू वेगळी चालते. असुरक्षित अन्न विकल्याचं सिद्ध झालं तर अन्न सुरक्षा कायद्यात दंड आणि कैद आहे. सुधारणा नोटीस, तातडीची बंदीही घालता येते. कलम ६५ नुसार भरपाईचा आदेश होऊ शकतो: मृत्यूसाठी किमान ५ लाख, गंभीर इजेसाठी ३ लाखांपर्यंत, इतर इजेसाठी १ लाखापर्यंत. हलगर्जी किंवा भेसळ दिसली तर पोलीस भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा नोंदवू शकतात. पण माहिती दडवल्याने कुणी सुटत नाही. दडवलेल्या दोन तासांत आणखी एक पंगत उठलेली असते.

१४. हॉटेलात मी एकट्यानेच खाल्लं आणि आजारी पडलो. सिद्ध कसं करू?

एकट्याच्या बाबतीत ठाम सांगणं अवघड, हे खरं. तरीही एफडीएकडे तक्रार करा, बिल जोडा, तारीख आणि वेळ लिहा. त्याच हॉटेलाबद्दल त्याच दिवशी आणखी दोन तक्रारी आल्या की तुमची तक्रार तिसरी ठरते. डॉक्टरांकडे शौचाची तपासणी करून कागद ठेवा. ग्राहकाला पदार्थ विकत घेऊन, विक्रेत्याला तेव्हाच सांगून, फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क कलम ४० देतं; पदार्थ सदोष निघाला तर फी परत मिळते. हे फार थोड्यांना माहीत आहे.

१५. लग्नाला महिना होत आला आणि आता पाच-सहा पाहुण्यांना कावीळ झाली. संबंध असू शकतो का?

नक्की असू शकतो. हिपॅटायटिस ए ची कावीळ बाधा झाल्यापासून १५ ते ५० दिवसांत दिसते, सरासरी २८. टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात. तोपर्यंत पाहुणे पुणे, सुरत, बेळगाव असे पांगलेले असतात आणि प्रत्येक डॉक्टरसमोर एकच रुग्ण असतो. अशा वेळी हातात लागते ती आहेराची वही. तिच्यात नावं, गावं असतात. ती मागितली तर द्या.

आणखी लांबचे धागेही असतात. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. हातापायांतली ताकद जाण्याचा हा आजार. बऱ्याच रुग्णांना आधी जुलाब झाले होते, आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला. जुलाब बरे झाल्यावर पायांत मुंग्या येऊ लागल्या, जिना चढवेना, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

१६. एका मुलीला मळमळलं आणि बघता बघता तीस मुलं पडली. तपासणीत काहीच नाही. नाटक होतं का?

नाही. भीतीने खरोखर मळमळतं, चक्कर येते, पोटात कळ येते. गोळ्या वाटपाच्या दिवशी किंवा एखादी वाईट बातमी ऐकल्यावर असं होतं. याला सामूहिक मनोजन्य आजार म्हणतात. पण हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो, अन्न, पाणी, रसायन तपासून झाल्यावर. तोवर प्रत्येक मूल रुग्णच. मुलांना एकमेकांपासून वेगळं, हवेशीर जागी बसवा, गर्दी आणि मोबाइलचे कॅमेरे बाहेर काढा. आणि नंतर त्या पहिल्या मुलीला कुणी चिडवणार नाही, याची काळजी शिक्षकांनी घ्यावी.

१७. मृत्यू झाल्यावर शवविच्छेदन कशाला? आम्हाला अंत्यविधी उरकायचा आहे.

घरच्यांची मनःस्थिती कळते, आणि हे सांगणं मलाही कधी सोपं गेलेलं नाही. पण विष होतं की जंतू, हे ठरवायचा तो शेवटचा मार्ग असतो. व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचा नमुना, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला तरच कीटकनाशक ओळखता येतं. त्याच घरातली दुसरी माणसं आयसीयूत असतील तर त्यांच्या उपचाराची दिशा त्यावरून बदलू शकते. भरपाई किंवा खटला उभा राहिला तर लागतो तो हाच कागद.

१८. सगळं अन्न संपलं, भांडी घासली, पाहुणे गेले. तिसऱ्या दिवशी कळवून काही उपयोग आहे का?

आहे. साल्मोनेलासारखे जंतू बरं वाटल्यावरही काही दिवस शौचातून जात राहतात, त्यामुळे अजून जुलाब असलेल्यांचे नमुने घेता येतात. किराणा दुकानात त्याच पोत्यातला माल उरलेला असतो. टाकीचं पाणी, विहीर, आचाऱ्याचे हात जागेवरच असतात. यादी फोनवरूनही होते.

आणि लग्न असेल तर व्हिडिओ मागा. एका लग्नात भात दुपारी बाराला उतरवल्याचं आचारी सांगत होता. अक्षता पडतानाच्या चित्रीकरणात मागे मांडवाच्या कोपऱ्यात झाकण ठेवलेली तीन पातेली दिसत होती, आणि मुहूर्त सकाळी नऊ पंचावन्नचा होता. शेवटची पंगत उठली साडेतीनला. नमुना एकही नव्हता, तरी वहीतला आकडा, आजार सुरू व्हायची वेळ आणि तो व्हिडिओ या तिघांनी मसालेभाताकडेच बोट दाखवलं. आचाऱ्याने तो व्हिडिओ आमच्या शेजारी बसून दोनदा पाहिला. त्याच आठवड्यात त्याची पुढची सुपारी होती. तिथे भात दोन घाण्यांत शिजवला, दुसरा घाणा पहिली पंगत बसल्यावर चढवला.